‘हलक्या’ चित्रपटांचे गंभीर वाचन : पॉल ज्युलियन स्मिथ यांच्या स्पॅनिश चित्रपट-संशोधनातील लिंगभाव आणि अस्मिता

प्रस्तावना

एखाद्या कलाकृतीला ‘हलकी’, ‘भडक’ किंवा ‘रडवी’ म्हणून बाजूला सारणे हा समीक्षेतील अतिशय सोपा निवाडा होय. असा निवाडा देणारा समीक्षक आपण केवळ कलामूल्यांविषयी बोलत आहोत अशाच समजुतीत असतो. परंतु ज्या कलाप्रकारांना ही विशेषणे वारंवार चिकटतात त्यांचा प्रेक्षक कोण, त्यांतील भावविश्व कोणाचे आणि त्यांना नावे ठेवणारे कोण, हे प्रश्न विचारले की अभिरुचीच्या या निवाड्यामागे एक सामाजिक उतरंड उभी असल्याचे दिसू लागते. स्पॅनिश चित्रपटांच्या अभ्यासात हे प्रश्न सातत्याने उपस्थित करणाऱ्या संशोधकांमध्ये ब्रिटिश अभ्यासक पॉल ज्युलियन स्मिथ यांचे स्थान महत्त्वाचे आहे. १९९१ ते २०१० या काळात ते केंब्रिज विद्यापीठात स्पॅनिशचे प्राध्यापक होते. २००८ मध्ये ब्रिटिश अकादमीचे फेलो म्हणून त्यांची निवड झाली आणि २०१० मध्ये ते न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीच्या ग्रॅज्युएट सेंटरमध्ये रुजू झाले. सतराव्या शतकातील कवितेच्या अभ्यासापासून सुरू झालेली त्यांची वाटचाल पेद्रो अल्मोदोवार यांच्या चित्रपटांपर्यंत आणि तेथून दूरचित्रवाणीच्या मालिकांपर्यंत पोहोचली.

या वाटचालीचा तपशीलवार वृत्तांत देणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू नाही. संशोधनाचे विषय बदलत गेले तरी त्यांच्या मुळाशी असलेला प्रश्न कोणता, त्या प्रश्नाने लिंगभावाच्या अभ्यासाला काय दिले आणि तोच प्रश्न खुद्द या संशोधनाला विचारला असता काय आढळते, याचा शोध येथे घेतला आहे.

उद्दिष्टे

१) स्मिथ यांच्या प्रमुख ग्रंथांतील लिंगभाव व अस्मिताविषयक भूमिकेचा विकास तपासणे.
२) कलाप्रकारांची प्रतिष्ठा आणि लिंगभाव यांचा त्यांनी जोडलेला संबंध स्पष्ट करणे.
३) स्त्री दिग्दर्शकांच्या संदर्भात या संशोधनाच्या मर्यादा दाखविणे.

संशोधन पद्धती

निबंधासाठी विवेचक व तुलनात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. तुलनेसाठी मार्शा किंडर आणि सुसान मार्टिन-मार्केझ या दोन अभ्यासकांच्या ग्रंथांचा आधार घेतला असून, आवश्यक तेथे निवडक चित्रपटांचा विचार केला आहे.

१. ‘हेनेरो’ : एक शब्द, अनेक अर्थ

विषयाच्या विवेचनापूर्वी एका शब्दाकडे लक्ष देणे उपयुक्त ठरेल. स्पॅनिश भाषेतील ‘हेनेरो’ या शब्दाचा मूळ अर्थ ‘प्रकार’ असा आहे. व्याकरणातील लिंग, साहित्याचा वा चित्रपटाचा प्रकार आणि कापडाचा माल या सर्वांसाठी हाच शब्द वापरला जातो. स्त्री-पुरुष भेदाची सामाजिक घडण सुचविणारा अर्थ या शब्दाला नंतर प्राप्त झाला आणि तो सहजासहजी स्वीकारला गेला नाही. २००४ मध्ये स्त्रियांवरील हिंसेविरुद्धच्या कायद्याची तयारी सुरू असताना स्पेनच्या राजभाषा अकादमीने ‘हेनेरोची हिंसा’ या शब्दप्रयोगाला आक्षेप घेणारा अहवाल दिला होता. घरगुती हिंसा किंवा लिंगाच्या कारणाने होणारी हिंसा असे म्हणावे, असे अकादमीचे मत होते. संसदेने मात्र त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये कायदा संमत करताना आक्षेप घेतलेला शब्दच कायम ठेवला.

मराठीत ‘लिंग’ आणि ‘लिंगभाव’ असे दोन वेगळे शब्द रूढ झाल्यामुळे जैविक व सामाजिक हा भेद स्पष्ट करता येतो. स्पॅनिशमध्ये ‘हेनेरो’ हा एकच शब्द लिंगभाव आणि चित्रपटप्रकार या दोन्ही गोष्टी सांगतो. हा योगायोग असला तरी तो अर्थपूर्ण आहे. कोणता चित्रपटप्रकार श्रेष्ठ आणि कोणता कनिष्ठ, हा प्रश्न कोणते लिंग श्रेष्ठ आणि कोणते कनिष्ठ या प्रश्नापासून पूर्णपणे अलग करता येत नाही, हेच स्मिथ यांच्या संशोधनाचे मध्यवर्ती सूत्र आहे.

२. ऐतिहासिक पार्श्वभूमी

स्पेनमधील लिंगभावाचा प्रश्न फ्रँको राजवटीच्या संदर्भाशिवाय समजून घेता येत नाही. यादवी युद्धानंतर १९३९ पासून १९७५ पर्यंत टिकलेल्या या राजवटीने कुटुंब हे राष्ट्राचे लहान रूप मानले. या राजवटीत विवाहित स्त्रीला नोकरी करण्यासाठी वा बँकेत खाते उघडण्यासाठी पतीची परवानगी लागत असे. ही अट १९७५ च्या मे महिन्यात, म्हणजे फ्रँकोच्या मृत्यूपूर्वी काही महिने, कायद्यातून काढून टाकण्यात आली. भटके व समाजकंटक यांच्यासाठी असलेल्या कायद्यात १९५४ मध्ये समलैंगिक व्यक्तींचा समावेश करण्यात आला. १९७० च्या ‘सामाजिक धोका’विषयक कायद्यानेही हे धोरण पुढे चालू ठेवले.

चित्रपटाचे क्षेत्रही याला अपवाद नव्हते. स्वतः फ्रँकोने टोपणनावाने लिहिलेल्या कथेवर होसे लुईस साएन्स दे एरेदिया यांनी दिग्दर्शित केलेला ‘रासा’ (वंश, १९४२) हा चित्रपट राजवटीच्या आदर्श पुरुषाचे चित्र रेखाटतो. त्यात सैनिक असलेला मुलगा हा राष्ट्राचा खरा वारस ठरतो, तर स्त्रियांच्या वाट्याला प्रतीक्षा आणि प्रार्थना येते. नायकाची वाट पाहणाऱ्या वाग्दत्त वधूची भूमिका आना मारिस्काल या अभिनेत्रीने केली होती. हे नाव पुढील विवेचनात पुन्हा येणार आहे.

चित्रपटांवरील सेन्सॉरशिप १९७७ मध्ये रद्द झाली, १९८१ मध्ये घटस्फोटाचा कायदा झाला आणि २००५ मध्ये समलिंगी विवाहाला मान्यता मिळाली. तीस वर्षांच्या आत घडलेल्या या बदलांचा वेग लक्षात घेतला म्हणजे स्पॅनिश चित्रपटात लिंगभाव आणि राष्ट्राची नवी ओळख हे दोन प्रश्न एकमेकांत इतके का गुंतले आहेत, याचा उलगडा होतो.

३. साहित्याच्या परिघावरून चित्रपटाकडे

स्मिथ यांचे आरंभीचे संशोधन कवी केवेदो आणि स्पॅनिश सुवर्णयुगातील साहित्य यांविषयी होते. १९८८ मधील ‘रायटिंग इन द मार्जिन’ या ग्रंथाच्या नावातच परिघाचा निर्देश आहे. ‘द बॉडी हिस्पॅनिक’ (१९८९) या ग्रंथात संत तेरेसा आणि मारिया दे सायास या लेखिकांपासून आधुनिक लेखकांपर्यंत लिंगभाव आणि लैंगिकता यांचा विचार आढळतो. साहित्याच्या अभ्यासकाने चित्रपटाकडे वळताना बहुधा कथानक व पात्रे यांवरच भर दिला जातो. स्मिथ यांनी साहित्याच्या अभ्यासातून आणलेली शिदोरी वेगळी होती. अर्थ आशयात जितका असतो तितकाच तो शैलीत आणि अलंकरणात असतो, ही जाणीव त्यांना अलंकारप्रचुर बरोक कवितेच्या अभ्यासाने दिली असावी, असे अनुमान करण्यास जागा आहे.

चित्रपटाकडे झालेले निर्णायक वळण ‘लॉज ऑफ डिझायर’ (१९९२) या ग्रंथात दिसते. १९६० ते १९९० या काळातील स्पॅनिश लेखन व चित्रपट यांतील समलैंगिकतेचा अभ्यास हा त्याचा विषय आहे. हुआन गोयतिसोलो आणि एस्तेर तुस्केत्स यांच्या कादंबऱ्यांच्या बरोबरीने एलॉय दे ला इग्लेसिया आणि अल्मोदोवार यांच्या चित्रपटांना येथे स्थान मिळाले आहे. यांपैकी दे ला इग्लेसिया यांची निवड विशेष बोलकी आहे. संक्रमणकाळात त्यांचे चित्रपट गल्ल्यावर यशस्वी ठरले, मात्र प्रतिष्ठित समीक्षेने ते सनसनाटी आणि ओबडधोबड ठरविले. त्यांच्या ‘एल दिपुतादो’ (लोकप्रतिनिधी, १९७८) या चित्रपटात डाव्या पक्षाचा एक विवाहित खासदार एका तरुण मुलाच्या प्रेमात पडतो. उजव्या गटाचे लोक या संबंधाचा सापळा म्हणून उपयोग करतात आणि अखेर त्या मुलाचा जीव जातो. नव्या लोकशाहीत राजकीय स्वातंत्र्य मिळाले, पण खाजगी जीवनाला ते लाभले का, असा सरळ प्रश्न हा चित्रपट विचारतो. समलैंगिक संबंधांना १९७० च्या कायद्याच्या कक्षेतून वगळण्याचा निर्णयही त्याच सुमारास, १९७८ च्या अखेरीस झाला आणि १९७९ च्या आरंभी अमलात आला, ही गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. अशा चित्रपटाचा भडकपणा हा दोष मानून थांबण्याऐवजी, व्यापक प्रेक्षकापर्यंत एक निषिद्ध प्रश्न नेण्याचे साधन म्हणून त्याकडे पाहणे, हे स्मिथ यांच्या वाचनाचे वैशिष्ट्य होय.

याच ग्रंथात अस्मितेविषयीची त्यांची सावध भूमिकाही दिसून येते. इंग्लंड-अमेरिकेतील समलैंगिक चळवळीने आपली ओळख उघडपणे जाहीर करणे हे मुक्तीचे पहिले पाऊल मानले. हे प्रतिमान स्पेनवर जसेच्या तसे बसविता येत नाही. अल्मोदोवार यांनी स्वतःवर ‘समलैंगिक दिग्दर्शक’ असा शिक्का मारून घेण्याचे सातत्याने टाळले. त्यांच्या ‘ला लेय देल देसेओ’ (इच्छेचा कायदा, १९८७) या चित्रपटात पुरुषांमधील प्रेम हे सोडवायची समस्या म्हणून येत नाही. ते गृहीतच धरलेले असते आणि कथानक मत्सर, विरह, अपराध अशा प्रेमकथेच्या नेहमीच्या वाटांनी पुढे जाते. याच चित्रपटात कारमेन मौरा या अभिनेत्रीने लिंगबदल करून स्त्री झालेल्या तीनाची भूमिका केली आहे, तर बिबी अँडरसन या पारलिंगी अभिनेत्रीने एका मुलीच्या आईची. कोणती स्त्री ‘खरी’ हा प्रश्नच या पात्रयोजनेने निरर्थक ठरविला आहे. येथे लिंगभावाविषयीचे विधान एकाही संवादात नाही, ते भूमिकांच्या वाटपात आहे. आशयाची यादी करणाऱ्या समीक्षेच्या हाती ते लागणार नाही.

४. ‘डिझायर अनलिमिटेड’ : तुच्छतेचे विश्लेषण

अल्मोदोवार यांच्या चित्रपटांवरील ‘डिझायर अनलिमिटेड’ हा स्मिथ यांचा सर्वाधिक परिचित ग्रंथ होय. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या ग्रंथाच्या विस्तारित आवृत्त्या २००० आणि २०१४ मध्ये निघाल्या. टेलिफोन कंपनीत कारकुनी करीत चित्रपट बनविणाऱ्या अल्मोदोवार यांचा पहिला पूर्ण लांबीचा व्यावसायिक चित्रपट १९८० मध्ये आला. १९८८ च्या ‘मुहेरेस आल बोर्दे’ने (कोसळण्याच्या उंबरठ्यावरील स्त्रिया) त्यांना जागतिक कीर्ती मिळवून दिली. तरीही स्पेनमधील समीक्षकांचा एक मोठा वर्ग त्यांना उथळ मानत राहिला. सजावट फार, रंग फार, अश्रू फार आणि राजकारण नाही, असा या आक्षेपांचा सूर होता.

स्मिथ यांनी या आक्षेपांना दिलेले उत्तर दोन पातळ्यांवरचे आहे. पहिली पातळी आस्वादाची आहे. रंगयोजना, वेशभूषा, घराची मांडणी, गाण्याचा वापर आणि कॅमेऱ्याची हालचाल यांचे बारकाईने केलेले वर्णन हा त्या ग्रंथाचा कणा आहे. दुसरी पातळी आक्षेपाच्याच चिकित्सेची आहे. स्त्रियांचे मानले गेलेले भावविश्व आणि त्याच्याशी तादात्म्य पावणारा पुरुष, या दोहोंविषयीचा अनादर या ‘उथळपणा’च्या आरोपात दडलेला आहे, असे स्मिथ दाखवून देतात. रणांगण, सत्ता आणि वडील-मुलाचा संघर्ष हे विषय गंभीर. स्वयंपाकघर, कपडे, फोनची वाट पाहणे हे विषय क्षुल्लक, ही वाटणी कलेच्या अंगभूत नियमांतून आलेली नाही. ‘मुहेरेस आल बोर्दे’ची नायिका जवळजवळ संपूर्ण चित्रपटभर एका पुरुषाच्या फोनची वाट पाहते आणि शेवटी त्या वाट पाहण्यातून मुक्त होते. ‘रासा’मधील प्रतीक्षेत असलेल्या स्त्रीच्या शेजारी तिला उभी केली म्हणजे या विनोदी चित्रपटात राजकारण नाही असे म्हणणे कठीण होते.

येथे मार्शा किंडर यांच्या ‘ब्लड सिनेमा’ (१९९३) या महत्त्वाच्या ग्रंथाशी तुलना करणे उद्बोधक ठरेल. किंडर यांनी स्पॅनिश चित्रपटातील हिंसा आणि कुटुंबातील संघर्ष यांत राष्ट्रीय अस्मितेची पुनर्रचना शोधली. होसे लुईस बोराऊ यांच्या ‘फुर्तिवोस’ (चोरटे शिकारी, १९७५) मधील सत्ता गाजवणारी आई आणि तिच्या मुठीतला मुलगा यांच्या कथेला त्यांनी केलेल्या वाचनात देशाच्या इतिहासाचे परिमाण लाभते. हे वाचन समर्थ आहे. मात्र त्यात एक धोका संभवतो. आई हे दडपशाहीचे आणि मुलगा हे देशाचे रूपक झाले की प्रत्यक्ष स्त्री म्हणून आईचे काय, हा प्रश्न मागे पडतो. स्मिथ रूपकाकडे घाईने जात नाहीत. पडद्यावर दिसणाऱ्या पृष्ठभागापाशी, म्हणजे चेहरा, कापड, भिंतीचा रंग यांपाशी ते अधिक काळ थांबतात. त्यांच्या वाचनात स्पेन ही अस्मिता पात्रांच्या पाठीमागे लपलेला अर्थ म्हणून येत नाही. ती शहराच्या वापरात, बोलीत आणि लोकप्रिय गाण्यात घडताना दिसते. दोन्ही पद्धती परस्परपूरक असल्या तरी लिंगभावाच्या अभ्यासासाठी दुसरी अधिक उपकारक ठरते, असे म्हणता येईल.

५. दूरचित्रवाणीकडे वळण

अल्मोदोवार यांच्या ‘तोदो सोब्रे मि माद्रे’ (माझ्या आईविषयी सर्व काही, १९९९) या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट परभाषिक चित्रपटाचे ऑस्कर पारितोषिक मिळाले. ज्यांना उथळ म्हटले गेले ते आता राष्ट्राची शान झाले. अशा वेळी त्यांचा पुरस्कार करणाऱ्या संशोधकापुढे एक पेच उभा राहतो. उपेक्षिताची बाजू घेण्याचे कार्य पूर्ण झाले असे मानायचे की उपेक्षेच्या नव्या जागा शोधायच्या? स्मिथ यांनी दुसरा मार्ग स्वीकारला. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘टेलिव्हिजन इन स्पेन’ या ग्रंथात आणि त्यानंतरच्या लेखनात त्यांनी मालिकांकडे लक्ष वळविले. चित्रपटाला कलेचा दर्जा मिळाल्यानंतर ‘हलकेपणा’चा शिक्का दूरचित्रवाणीवर, विशेषतः घरात बसून पाहिल्या जाणाऱ्या कौटुंबिक मालिकांवर बसला होता.

या संदर्भात २००४ मधील त्यांचा एक लेख उल्लेखनीय आहे. अल्मोदोवार यांचा ‘आब्ले कोन एया’ (तिच्याशी बोला, २००२) आणि स्पॅनिश सरकारी वाहिनीवरील ‘कुएन्तामे कोमो पासो’ (कसे घडले ते मला सांग) ही मालिका यांचा एकत्रित विचार त्यांनी भावनेच्या अंगाने केला. २००१ ते २०२३ या काळात चाललेली ही मालिका १९६८ पासूनचा स्पेनचा इतिहास एका मध्यमवर्गीय कुटुंबाच्या नजरेतून सांगते. तिच्या आरंभी गृहिणी मेर्सेदेस घरी विजारी शिवून संसाराला हातभार लावते. पुढे ती व्यवसाय उभारते आणि शिक्षणही घेते. कायद्याच्या पुस्तकात १९७५ आणि १९८१ या सनांखाली नोंदलेला बदल येथे शिलाई यंत्रापासून दुकानापर्यंतच्या प्रवासात दिसतो. अशा मालिकेला केवळ गतकाळाची गोड आठवण म्हणून नाकारणे, म्हणजे लाखो प्रेक्षकांनी आपल्या आईचा वा आजीचा इतिहास ज्या माध्यमातून समजून घेतला ते माध्यमच नाकारणे होय.

६. मर्यादा : कॅमेऱ्यामागील स्त्री

स्मिथ यांच्या संशोधनाचे मोल मान्य केल्यावर त्याच्या एका मर्यादेचा विचार करणे क्रमप्राप्त आहे. साहित्याच्या अभ्यासात त्यांनी तेरेसा, सायास, तुस्केत्स अशा लेखिकांना स्थान दिले. चित्रपटविषयक ग्रंथांत मात्र चित्र बदलते. एका दिग्दर्शकाच्या समग्र कार्याला वाहिलेला त्यांचा ग्रंथ अल्मोदोवार यांच्यावर आहे. स्त्री दिग्दर्शकांकडे त्यांनी पूर्ण दुर्लक्ष केले असे म्हणणे अन्यायाचे होईल, परंतु त्यांच्या चित्रपट-विवेचनाचा गुरुत्वमध्य पुरुष दिग्दर्शकांकडे झुकलेला आहे. परिणामी स्त्री पडद्यावर, वेशभूषेत, प्रेक्षकांत आणि भावविश्वात सर्वत्र आढळते. पण कॅमेऱ्यामागे क्वचित.

ही पोकळी किती मोठी आहे हे सुसान मार्टिन-मार्केझ यांच्या ‘फेमिनिस्ट डिस्कोर्स अँड स्पॅनिश सिनेमा’ (१९९९) या ग्रंथावरून लक्षात येते. रोसारिओ पी, आना मारिस्काल आणि पिलार मिरो या दिग्दर्शिकांचा त्यांनी घेतलेला शोध स्पॅनिश चित्रपटाचा इतिहास वेगळ्या क्रमाने मांडतो. पी यांनी यादवी युद्धाच्या आदल्या वर्षी, १९३५ मध्ये ‘एल गातो मोन्तेस’ (रानमांजर) दिग्दर्शित केला होता. ‘रासा’मध्ये वाट पाहणारी वाग्दत्त वधू झालेल्या मारिस्काल १९५० च्या दशकाच्या आरंभी स्वतः दिग्दर्शनाकडे वळल्या. मिगेल देलिबेस यांच्या कादंबरीवरील त्यांचा ‘एल कामिनो’ (वाट, १९६३) हा चित्रपट दीर्घकाळ उपेक्षित राहिला आणि २०२१ मध्ये कान महोत्सवातील अभिजात चित्रपटांच्या विभागात तो नव्याने दाखविला गेला. पिलार मिरो यांचे उदाहरण आणखी तीव्र आहे. पोलिसी छळाचे चित्रण करणारा त्यांचा ‘एल क्रिमेन दे क्वेन्का’ (क्वेन्काचा गुन्हा) १९७९ मध्ये तयार झाला. सेन्सॉरशिप रद्द होऊन दोन वर्षे झाली असतानाही तो जप्त झाला, मिरो यांना लष्करी न्यायालयाच्या कारवाईला तोंड द्यावे लागले आणि तो १९८१ मध्येच प्रदर्शित होऊ शकला. पुढे चित्रपट खात्याच्या महासंचालक म्हणून त्यांनी १९८३ मध्ये अनुदानाची जी व्यवस्था आणली ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

हा इतिहास समोर ठेवला असता स्मिथ यांच्याच प्रश्नाचे टोक त्यांच्या संशोधनाकडे वळते. कोणते कलाप्रकार तुच्छ मानले गेले, हे त्यांनी विचारले. कोणते कलावंत अभ्यासाच्या कक्षेबाहेर राहिले, हा त्याचाच पुढचा भाग आहे. स्त्रियांशी तादात्म्य पावणाऱ्या पुरुष दिग्दर्शकाचा सन्मान होणे ही प्रगती खरीच. परंतु त्या सन्मानाने स्त्री दिग्दर्शकांच्या अभ्यासाची गरज भागत नाही.

हा मुद्दा ‘आब्ले कोन एया’च्या संदर्भात अधिक स्पष्ट होतो. या चित्रपटातील परिचारक बेनिग्नो दीर्घ मूर्च्छेत असलेल्या आलिसियाची मनोभावे सेवा करतो आणि पुढे तिच्यावर अत्याचार करतो. हा अत्याचार पडद्यावर दाखविला जात नाही. त्याच्या जागी एक मूकपट येतो, ज्यात आकाराने लहान होत गेलेला पुरुष प्रेयसीच्या देहात नाहीसा होतो. दृश्य म्हणून हा प्रसंग विलक्षण आहे, आणि नेमकी हीच अडचण आहे. पृष्ठभागावर आस्थेने थांबणारी समीक्षा येथे त्या पृष्ठभागाच्या सौंदर्यात गुंतू शकते. चित्रपटाचे नाव ‘तिच्याशी बोला’ असे आहे. तिचे म्हणणे ऐका, असे नाही. भावनेचे महत्त्व प्रस्थापित केल्यानंतर ती भावना कोणाची आणि तिची किंमत कोणाच्या देहाने चुकविली, हे विचारणे अटळ ठरते.

या चित्रपटानंतर एका वर्षाने इसियार बोयाइन यांचा ‘ते दोय मिस ओहोस’ (माझे डोळे तुला देते, २००३) प्रदर्शित झाला. पतीच्या मारहाणीमुळे घर सोडणारी पिलार परत त्याच्याकडे जाते आणि अखेर कायमची बाहेर पडते. तोलेदो शहरातील चित्रांच्या संग्रहालयात काम करता करता ती पाहायला आणि पाहिलेले इतरांना समजावून सांगायला शिकते. येथे स्त्री पाहिली जात नाही, ती पाहते. हिंसेविरुद्धचा कायदा त्यानंतरच्या वर्षी आला. हे दोन चित्रपट एकत्र ठेवून वाचल्यास लिंगभावाचा प्रश्न शैलीपुरता मर्यादित न राहता दृष्टिकोनाच्या मालकीपर्यंत पोहोचतो.

येथे एक गोष्ट नोंदविणे न्याय्य ठरेल. अल्मोदोवार बंधूंच्या ‘एल देसेओ’ या निर्मितिसंस्थेने इसाबेल कोइशेत आणि अर्जेंटिनाच्या लुक्रेसिया मार्तेल या दिग्दर्शिकांच्या चित्रपटांच्या निर्मितीत सहभाग घेतला. दिग्दर्शकाऐवजी निर्मितिसंस्था हा अभ्यासाचा घटक मानला, तर अल्मोदोवार यांचा अभ्यासही स्त्रियांच्या सर्जनशीलतेपर्यंत नेणारा ठरू शकतो. दूरचित्रवाणीच्या अभ्यासात स्मिथ यांनी निर्मितीच्या व्यवस्थेला महत्त्व दिलेच आहे. तीच दृष्टी त्यांच्या अल्मोदोवार-विवेचनाकडे वळविणे शक्य आहे.

निष्कर्ष

१) स्मिथ यांच्या संशोधनाचे विषय साहित्य, चित्रपट, दूरचित्रवाणी असे बदलत गेले असले तरी ‘हलक्या’ ठरविलेल्या अभिव्यक्तीचे गंभीर वाचन हे त्यामागील सूत्र एकच आहे.
२) कलाप्रकाराविषयीची तुच्छता ही अनेकदा त्या प्रकाराशी जोडल्या गेलेल्या स्त्रिया व लैंगिक अल्पसंख्य यांच्याविषयीची तुच्छता असते, हे त्यांचे प्रतिपादन लिंगभावाच्या अभ्यासाला मिळालेले मोलाचे साधन आहे.
३) अस्मिता ही पात्रांच्या ओळखपत्रात न शोधता पात्रयोजना, रंग, वेश, गाणे व निर्मितीची व्यवस्था यांत शोधण्याची त्यांची पद्धती आशयप्रधान समीक्षेच्या मर्यादा ओलांडते.
४) पुरुष दिग्दर्शकांवरील भर ही या संशोधनाची मर्यादा असून, मार्टिन-मार्केझ यांच्यासारख्या अभ्यासकांच्या कार्याच्या साहाय्याने ती भरून काढणे आवश्यक आहे.

समारोप

स्पॅनिश चित्रपटाविषयीचे हे संशोधन मराठी अभ्यासकापर्यंत मुख्यतः इंग्रजीतून पोहोचते, म्हणजे एका भाषेतील अनुभव दुसऱ्या भाषेच्या सिद्धान्तातून तिसऱ्या भाषेत येतो. त्यामुळे निष्कर्ष उचलण्यापेक्षा प्रश्न उचलणे अधिक श्रेयस्कर. कोणत्याही चित्रपटाला ‘बायकी’ वा ‘भडक’ म्हणण्यापूर्वी समीक्षकाने त्या विशेषणाचा इतिहास तपासावा, हा स्मिथ यांचा धडा आहे. आणि चित्रपटातील स्त्रीचे कौतुक करून झाल्यावर ती कोणाच्या डोळ्यांनी दिसली हे पाहावे, हा त्या धड्यातून निघणारा पण त्यांच्या ग्रंथांत पुरेसा न आलेला दुसरा धडा आहे. आना मारिस्काल यांना ‘रासा’च्या चौकटीतून बाहेर येऊन कॅमेऱ्यामागे उभे राहण्यास सुमारे दहा वर्षे लागली, त्यांच्या चित्रपटाकडे जगाचे लक्ष नव्याने वळण्यास अर्ध्या शतकाहून अधिक काळ जावा लागला. लिंगभावाच्या संशोधनाचे पुढील कार्य हे अंतर कमी करण्याचे आहे.